एकेचाळीस नंबरचा जोड

तानाजीचा हात थरथरायला लागला हे मला त्याच्या बायकोच्याही आधी कळलं. मी ते पाहिलं नाही, ऐकलं. मानपाड्याला आमचे गाळे शेजारी शेजारी आहेत. माझा लेथ, त्याचं वेल्डिंग आणि मध्ये पत्र्याची भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. या पत्र्याला कानांशिवाय दुसरं काही नाहीच.

टिग वेल्डिंगच्या टॉर्चला टंगस्टनची एक काडी असते, पेन्सिलीसारखी टोक काढलेली. आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, तिच्यातून निघतो, पण ती स्वतः वितळत नाही आणि कामाला टेकवायचीही नसते. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राखून तिला चालवत न्यायचं. हात हलला की काडी खालच्या वितळलेल्या धातूत बुडते आणि टोक बिघडतं. मग उठा, ग्राइंडरवर जा आणि पुन्हा टोक काढा. तानाजीचा ग्राइंडर मला सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा ऐकू यायचा. त्या पावसाळ्यात तो सारखाच किंचाळायला लागला.

मी तोंडाचा फटकळ आहे, हे मानपाड्यात कोणीही सांगेल. पण त्या आवाजाबद्दल त्याला विचारायला माझी जीभ वळेना.

तानाजी मूळचा पाटणकडचा. पोरवयात काकाच्या मागून ठाण्याला आला, वागळे इस्टेटमधल्या एका मोठ्या कारखान्यात लागला आणि तिथेच वेल्डर झाला. त्या कारखान्यात प्रत्येक वेल्डरला परीक्षा दिल्यावर नंबर मिळायचा आणि नंबराचा पोलादी ठसा. जोड पुरा झाला की शेजारी ठसा ठेवून हातोडीचा एक घाव घालायचा. उद्या तो जोड फुटला तर कोणाचा ते कळलं पाहिजे. तानाजीचा नंबर एकेचाळीस. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने साहेबाकडून तो ठसा मागून घेतला आणि पुढे स्वतःच्या गाळ्यातही मारत राहिला. देवळाचं रेलिंग असो नाहीतर उसाच्या रसाच्या गाडीची टाकी, कुठेतरी कोपऱ्यात एकेचाळीस असायचाच. त्याचा नियम एकच होता: ज्याचा हात, त्याचा शिक्का.

माझ्या घरच्या तुळशीच्या स्टँडवरही एकेचाळीस आहे. मीरा, माझी बायको, पाणी घालताना म्हणायची, "भाऊजींनी आमची तुळस स्वतःच्या नावावर करून घेतली." तानाजी समोर असला की मुद्दाम मोठ्याने म्हणायची.

त्याची मुलगी ऐश्वर्या आयटीआयला वेल्डरचा ट्रेड करून आली आणि बापाच्या गाळ्यात उभी राहिली. लोकांनी नाकं मुरडली, तानाजीने लोकांकडे पाठ केली. तिनेच त्याच्या मागे लागून ते नवीन मशीन आणवलं. तोवर त्याच्याकडे आर्कसाठी कपाटाएवढा जुना ट्रान्सफॉर्मर होता, टिगसाठी वेगळा सेट, आणि ॲल्युमिनियमचं काम आलं की तो गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवायचा. नवीन मशीन प्रवासी बॅगेएवढं निघालं. तानाजीने ते एका हाताने उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"शिरपा, वजन बघ याचं. आत काही आहे का नुसता डबाच पाठवलाय?"

"पप्पा, सगळं एकात आहे," ऐश्वर्या म्हणाली. "हे बटण इकडे केलं की टिग, इकडे केलं की आपली रॉडवाली आर्क. डीसीवर लोखंड न् स्टील, एसीवर ॲल्युमिनियम."

"ॲल्युमिनियमला एसी कशाला?" मी मध्येच तोंड घातलं.

"त्याच्यावर एक कातडी असते काका. आतला धातू वितळतो, पण कातडी वितळत नाही. करंट उलटसुलट फिरला की ती फुटते, मग जोड बसतो."

तानाजी हाताची घडी घालून उभा होता. नव्याची नवलाई चार दिवस, असा त्याचा चेहरा. पण मी त्याला ओळखतो. ती घरी गेली की तो एकेक बटण फिरवून भंगाराच्या तुकड्यांवर बघायचा. टोक न टेकवता आर्क पेटतो हे त्याला आवडलं. पल्स आवडला, म्हणजे करंट ठोक्याठोक्याने वरखाली होतो आणि पातळ पत्रा जळत नाही. शेवटी करंट एकदम तुटत नाही, उताराला लागल्यासारखा हळूहळू उतरतो, त्यामुळे जोडाच्या टोकाला खड्डा पडत नाही. पण त्याचा जीव जडला तो गॅसवर. आर्क विझल्यानंतरही टॉर्चमधून आर्गॉन थोडा वेळ येत राहतो आणि तापलेल्या जोडाला हवा लागू देत नाही. तो किती वेळ येऊ द्यायचा, ते या मशीनवर ठरवता यायचं. तेवढा वेळ टॉर्च जागच्या जागी धरून बसायचं. नवशिके हमखास तिथेच चुकतात, आर्क गेला की हात उचलतात. ऐश्वर्याला तो पहिल्यापासून एवढंच सांगायचा, "विझलं म्हणून सोडून जायचं नसतं."

खोक्याच्या तळाशी शिलाई मशीनसारखं एक पेडल निघालं. टॉर्चवरच्या बटणाऐवजी पायाने करंट कमीजास्त करायला. तानाजीने ते उलटंपालटं करून पाहिलं. "मी काय टेलर आहे?" म्हणाला आणि फळीवर टाकून दिलं. तिथे त्यावर धूळ बसली.

पुढच्या मे महिन्यात त्याची आई गेली. गोदूबाई. वय झालं होतं, दुखणंही फार काढलं नाही. तिची थोरली मुलगी, तानाजीची बहीण, सुरतेहून यायची होती, तोवर तिला ठेवायला हवं होतं. आता कुटुंबं अशी पांगलेली की हे घरोघरी होतं, आणि म्हणून मंडळं शीतपेटी ठेवतात. खाली थंडावा करणारं यंत्र, त्यावर स्टीलचा ट्रे, वर काचेचं झाकण. आमच्या गल्लीच्या मंडळाकडे तेव्हा पेटी नव्हती, म्हणून कोणीतरी लांबून आणली.

थोड्या वेळाने ट्रेच्या डोक्याकडच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. आत दव साचतं ते नळीने बाहेर जायला हवं. ते जोडातून झिरपत होतं. तानाजीच्या बायकोने, शकूवहिनीने, खाली फडकं घातलं. ते भिजलं, दुसरं घातलं. मग परात ठेवली. घरात माणसं मान खाली घालून बसलेली आणि परातीत टप टप आवाज. पायात पाणी येतंय म्हणून घरातल्या लहान मुलांना लोक बाजूला सरकवत होते. तानाजी आईच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्या कोपऱ्याकडे बघत होता.

"हवा लागलेला जोड आहे," तो मला हळूच म्हणाला. "हात लवकर उचललाय."

दूधवाल्यांच्या टाक्यांपासून हॉस्पिटलच्या बेसिनपर्यंत जन्मभर ज्याने लोकांचं पाणी आत ठेवलं, त्याच्या आईखाली परात लावायची वेळ आली. मला त्या पेटी करणाऱ्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी दोन दिल्या असत्या. तानाजीला राग आला नाही. त्याला लाज वाटली, जणू तो जोड त्यानेच केला होता.

दिवसकार्य झाल्यावर तो मंडळात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आपल्या गल्लीची पेटी मी करून देतो. सामान तुमचं, हात माझा. थेंब पडणार नाही."

शब्द देऊन बसला आणि पावसाळ्यात हात गेला.

मी जन्माने नौपाड्याचा. डॉक्टर नौपाड्यातलाच, असा माझा हट्ट असतो. शेवटी ग्राइंडरचा तो आवाज मलाच सोसवेना, तेव्हा मी त्याला तिकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला कागदावर गोल गोल काढायला सांगितलं, पाण्याचा पेला धरायला लावला. म्हणाले, घाबरायचं कारण नाही, हात मांडीवर असला की शांत असतो, कामाला लावला की थरथरतो. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही.

बाहेर रस्त्यावर येऊन तानाजी हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"म्हणजे रिकामा बसलो तर मी ठणठणीत. काम केलं तर आजारी. काय आजार शोधलाय!"

"पेटी ऐशूला करू दे," मी म्हणालो. "तिचा हात चांगला बसलाय."

"माझ्या आईचं काम आहे ते, शिरपा. मी बोललोय. हात माझा म्हणालोय."

गल्लीत सगळ्यांनी ऐकलं होतं. ती पेटी झाली नसती, किंवा त्याच्या हातची झाली नसती, तर कोणी त्याला जाब विचारला नसता. पण तो पुन्हा गाळ्याचं शटर वर करू शकला नसता, असं मला तेव्हा स्पष्ट वाटलं होतं.

दिवाळीनंतर त्याने काम काढलं. पेटीची गाडी लोखंडी अँगलची होती. ती त्याने रॉडने, साध्या आर्कवर केली. तिथे जोड जाड, थोडं इकडेतिकडे चालतं, आणि रॉड चिकटला तर हे मशीन आपोआप करंट पाडतं, त्यामुळे त्याचं निभावलं. झाकणाची चौकट हलकी हवी म्हणून ॲल्युमिनियमची. ती त्याने एसीवर, कोपर टेबलाला रोवून, मनगट दुसऱ्या हाताने धरून पुरी केली. जोड ओबडधोबड आला, पण भक्कम आला. तो कानशीने साफ करत बसला तेव्हा मीराने पाठवलेली थालीपीठं तशीच डब्यात गार झाली.

राहिला ट्रे. स्टीलचा पातळ पत्रा आणि चार कोपरे. मशीनने जेवढं देऊ केलं तेवढं त्याने सगळं घेतलं. पल्स लावला. बटण धरून ठेवावं लागू नये म्हणून एकदा दाबून सोडायची सोय लावली. आधी भंगाराच्या तुकड्यांवर हात चालवला. तुकड्यांना भोकं पडत गेली. पत्र्यापलीकडे ग्राइंडर ओरडत होता आणि मी इकडे लेथवर चुकीची मापं काढत होतो.

एका दुपारी मी डबा घेऊन गेलो तर तो स्टुलावर बसला होता, हेल्मेट मांडीवर. हात शांत होता, कारण काम नव्हतं. ऐश्वर्याने फळीवरून ते पेडल काढलं, फडक्याने पुसलं, मशीनला जोडलं आणि त्याच्या उजव्या पायाशी ठेवलं.

"पप्पा, तुम्ही पायाने करंट द्या."

"आणि टॉर्च?"

"टॉर्च मी धरते."

मला वाटलं आता पेडल रस्त्यावर जाणार. त्याने पायाच्या बोटांनी ते जरासं दाबून पाहिलं. मग माझ्यावरच खेकसला, "तू काय तमाशा बघतोयस? लेथ चालू ठेवून आलायस ना?"

मी मुकाट्याने निघून आलो आणि पत्र्याला कान लावून उभा राहिलो. हो, कान लावून. आधी नुसता गॅसचा फुसफुस आवाज आला. मग पल्सचा एकसारखा गुणगुणाट सुरू झाला आणि त्यात तानाजीचा आवाज. "चल... चल... कड पातळ होतेय, मी उतरवतोय, तू थांबू नको... तार दे... आता थांब." आर्क विझला. "हात उचलू नको. उचलू नको. हां, आता."

नंतर मी पाहिलंही. दोघं हेल्मेट घालून एका जोडावर वाकलेले, तिच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्यात जोडात भरायची तार. वितळलेला धातू कुठे सैल होतोय हे त्याला आधी दिसायचं आणि त्याचा पाय तेवढ्यात करंट उतरवायचा. तिचा हात पुढे सरकत राहायचा. पाय अजिबात थरथरत नव्हता. जोड असा आला की एकावर एक सरकवून ठेवलेल्या नाण्यांची चवड आडवी केल्यासारखा. ग्राइंडर दिवसभर गप्प होता, आणि मला लहान पोरासारखा आनंद झाला होता.

तीन कोपरे असे झाले. चौथ्याच्या वेळी त्याने ऐश्वर्याला झाकणाची काच बघायला कल्याणला पाठवलं. ती गेली आणि पलीकडे आर्क लागला. थोड्या वेळाने ग्राइंडर वाजला. परत आर्क, परत ग्राइंडर. मला कळलं तो काय करतोय. आईच्या पेटीतला एक कोपरा तरी त्याला स्वतःच्या हाताने करायचा होता. तो त्याचा हक्क होता असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

पेटी गळते का ते बघायची आमच्याकडे जुनी रीत आहे. जोडाला बाहेरून खडूचं पाणी फासायचं, वाळू द्यायचं, आणि आतून रॉकेल लावायचं. रॉकेल पाण्यापेक्षाही बारीक वाटेने शिरतं. केसाएवढी जरी फट असली तरी पांढऱ्या खडूवर काळपट डाग उमटतो. हल्ली रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेल घेतात. ऐश्वर्याने खडू फासला, तानाजीने आतून डिझेल फिरवलं, आणि आम्ही तिघं चहा घेऊन बसलो.

तीन कोपरे पांढरेशुभ्र राहिले. चौथ्यावर मोहरीएवढा ठिपका आला. बघता बघता तो पसरला आणि खाली ओघळला. डोक्याकडचा कोपरा. गोदूबाईच्या वेळचा तोच.

"हा आपण कधी मारला?" ऐश्वर्याने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. ती कपात बघत बसली.

"मी मारला," तानाजी म्हणाला. "एकट्याने."

बाहेरून टेम्पो जात होते, कोणाच्या तरी गाळ्यात रेडिओ चालू होता. माणसाचं सगळं आयुष्य एका ठिपक्यात दिसावं, आणि तेही असं चहा पिताना, याचा मला भयंकर संताप आला. कोणावर ते सांगता येत नव्हतं. तानाजी उठला. त्याने डिझेल पुसून काढलं, कोपरा थिनरने धुतला आणि ग्राइंडर हातात घेऊन स्वतःचा जोड स्वतःच घासून टाकला. पार उघड्या फटीपर्यंत. मग स्टुलावर बसला आणि पायाने पेडल जवळ ओढलं.

"घे टॉर्च," तो मुलीला म्हणाला.

दुसऱ्या वेळी खडू पांढरा राहिला, दुसऱ्या दिवशी सकाळीही पांढराच होता.

मग शिक्क्याची गोष्ट आली. तानाजीने डब्यातून ठसा काढला, फडक्यात गुंडाळला आणि परत डब्यात ठेवला. "याच्यावर एकेचाळीस येणार नाही. हात माझा नाही."

ऐश्वर्याने डबा उघडला. ठसा कोपऱ्याशी ठेवला आणि त्याला काही कळायच्या आत हातोडीचा घाव घातला. एकच, पण खणखणीत.

तो ओरडला. मी त्याला मुलीवर ओरडताना तेव्हाच एकदा ऐकलंय. "खोटा शिक्का आहे तो! घासून टाक! ज्याचा हात त्याचा शिक्का, कधीपासून सांगतोय!"

"हात माझा होता, कबूल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाय कोणाचा होता?"

तानाजीने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी पंच होतो. मग तो त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाला, "शिरपा, तुझ्याकडे आकड्यांचे ठसे असतील. बेचाळीस काढ. तिचा पण मारू दे शेजारी."

पेटी शिमग्याच्या आधी मंडळाला दिली. मंडळाने नारळ फोडला. आता असल्या वस्तूसाठी नारळ फोडताना काय म्हणायचं ते कोणाला सुचेना, म्हणून सगळे नुसते हात जोडून उभे राहिले. मीरा म्हणाली, "वापरायची वेळ कोणावर न येवो." मग ती पेटी मंडळाच्या खोलीत चादर घालून ठेवून दिली.

ती पहिल्यांदा बाहेर निघाली आषाढात, आणि माझ्या घरी आली.

मीरा सकाळी तुळशीला पाणी घालून आत आली, दम लागतोय म्हणाली, पलंगावर बसली आणि तशीच गेली. मुलगा, संदेश, मस्कतला. त्याला विमान मिळून तो घरी पोचेपर्यंत तिला ठेवायचं होतं. मंडळाची पोरं पेटी घेऊन आली. मी दाराशी उभा राहून तिची चाकं बघत होतो, तिचा अँगल, झाकणाची ती कानशीने घासलेली चौकट. एकेक गोष्ट मी ओळखत होतो. माझ्या डोळ्यांना पाणी म्हणून नव्हतं. लोक येत होते, हात धरत होते, हळू आवाजात बोलत होते, आणि मला त्या हळू आवाजांची चीड येत होती.

तानाजी आला. मागे ऐश्वर्या आणि शकूवहिनी. त्याने आधी मीराला नमस्कार केला. मग तो पेटीच्या डोक्याकडच्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बसला, वाकला आणि पेटीखाली हात घातला. लोकांना वाटलं तो पाया पडतोय. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तो त्या कोपऱ्याखालची फरशी हाताने चाचपत होता. तिथून सरकत सरकत तो पायाकडच्या टोकापर्यंत गेला आणि दुसऱ्या बाजूने परत आला. मग उठून माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने तळवा उघडून दाखवला. तळवा थरथरत होता.

"कोरडं आहे, शिरपा," तो म्हणाला.

तेव्हा मला रडू आलं. पोटातून आलं, आणि मी ते थांबवलं नाही. तानाजी माझ्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसला. संदेश घरी पोचेपर्यंत तो तिथून उठला नाही.